वीस मिनिटांची पाटी

मावशीच्या घराला चौऱ्याऐंशी पायऱ्या. लिफ्ट नाही, आणि बसवायची म्हटली तर जागाही नाही. घर विक आणि माझ्याकडे तळमजल्यावर राहायला ये, असं म्हणून तिच्या मुलाने, म्हणजे दादाने, वर्षभर तिचं डोकं खाल्लं होतं. मावशीने तेही वर्षभर या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं. शेवटी मायलेकांची पैज लागली. गावाबाहेरच्या डोंगरावर एक खडक आहे, तिथून सगळी दरी दिसते. वाटेच्या पायथ्याशी पाटी आहे : 'दरीदर्शन, २० मिनिटे'. मावशीच्या गुडघ्यांना दहा मिनिटांची सूट. अर्ध्या तासात पोहोचली तर घर राहील, नाहीतर पुढच्या महिन्यात सामान हलेल.

दादा खाली गाडीत थांबणार होता. मावशीबरोबर पंच म्हणून भाचा निघाला. तो पाट्या रंगवायचा, त्यामुळे घरीदारी सगळे त्याला पेंटरच म्हणत. ती पाटीही त्यानेच रंगवलेली होती.

आणि इथेच तर सगळी गोची होती. नऊ वर्षांपूर्वी जंगल खात्याच्या कार्यालयातून मजकुराचा कागद आला, त्यात 'मिनिटे' या शब्दाच्या आधी जागा कोरी होती. विचारायला गेला तर साहेब जेवायला गेलेले. इकडे डबा उघडलेला, रंग घट्ट व्हायला लागलेला. पेंटरने वीस लिहून टाकलं. वीस पाटीवर छान दिसतं. स्वतः तो त्या वाटेवर कधी पाऊलही टाकायला गेला नव्हता.

त्यामुळे आज त्याला धास्ती होती. पण खरं सांगायचं तर थोडी उत्सुकताही होती. कोण जाणे, आपला अंदाज बरोबरही निघायचा!

मावशीने तीस वर्षं दारोदार टपाल वाटलं होतं. तिची चाल संथ, पण थांबणं नाही. थांबायची नाही ती जीभही. "हे झाड एकाच अंगाने का रे वाढलंय?" "या दगडावर पांढरं काय साचलंय, मीठ की पक्ष्यांची घाण?" मग ती स्वतःच दगडाला बोट लावून, वास घेऊन ठरवायची आणि पुढे निघायची.

वीस मिनिटं झाली, खडकाचा पत्ता नाही. पंचवीस झाली, तरी वर झाडंच झाडं. एका वळणावर पेंटरच्या फोनचा गजर वाजला. अर्धा तास संपला होता.

मावशी मटकन एका दगडावर बसली. पदराने चष्मा पुसत राहिली आणि पेंटरला तिच्याकडे बघवेना.

"इथे गवत का नाही रे?" तिने मध्येच विचारलं.

खरंच, वळणावर अंगणाएवढी जागा तुडवून बोडकी झाली होती. संत्र्यांची सालं, बाटल्यांची झाकणं पडलेली. पुढची वाट मात्र गवतात बुजत चाललेली.

"लोक कुठल्या दारापर्यंत जातात आणि कुठून माघारी फिरतात, ते मला जमिनीवरून कळायचं," मावशी म्हणाली. "इथे ना पाणी, ना बघायला काही. तरी सगळे इथूनच परत गेलेत. का बरं?"

पेंटरला ते लख्ख कळलं. इथवर यायचं, घड्याळ बघायचं, वाट चुकली असं समजायचं आणि उतरायचं. नऊ वर्षं लोक हेच करत आले होते. त्याच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं आणि त्याने सगळं सांगून टाकलं. कोरी जागा, जेवायला गेलेले साहेब, घट्ट होणारा रंग.

"म्हणजे माझं घर तुझ्या मनातल्या आकड्यावर टांगलं होतं?"

"हो, मावशी."

"आणि तू पंच!" ती गुडघ्यावर हात रेटून उठली. "चल. खरी किती लागतात ते तरी बघू."

त्यापेक्षा तिने दोन ठेवून दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

खडक आला तेव्हा बावन्न मिनिटं झाली होती. वारा तोंडावर आला, आणि समोर दरी. नदी, तिच्या काठची छपरं, दूरवरच्या शेतांचे तुकडे. खाली दादाची गाडी नखाएवढी. पेंटरने तिथूनच त्याला फोन लावला आणि खरं ते सांगितलं.

"तू तिचा लाडका," दादा हसला. "थापा मारू नकोस."

मावशीने फोन काढून घेतला. "खोटं वाटतंय ना? मग चढून ये. मी बसलेय इथेच."

दादा आला तो टोमॅटोसारखा लाल होऊन. शर्ट अंगाला चिकटलेला. पेंटर म्हणाला, "सत्तेचाळीस मिनिटं." दादाने नुसता हात हलवला आणि आईशेजारी बसकण मारली. धाप ओसरल्यावर म्हणाला, "अर्ध्या तासात मलाही जमलं नाही. हरलो. घर राहू दे तुझं."

घर राहिलं होतं. मावशीने खूश व्हायला हवं होतं. पण ती त्याच्याकडे बघत राहिली, मघाशी त्या बोडक्या जमिनीकडे बघत होती तशी.

"पण तुला ते विकायचंच का होतं रे?"

वर्षभरात हे तिने एकदाही विचारलं नव्हतं.

दादा दरीकडे बघून बोलला. "तू चढशील हे मला माहीतच होतं, आई. पण जिन्यात पडलीस तर मला कोण सांगणार? संध्याकाळी फोन उचलायला तुला जरा वेळ लागला ना, की मी चपला घालून दारात उभा असतो."

"रोज?"

"रोज."

मावशीने पदर पुढे घेतला आणि त्याच्या कपाळावरचा घाम पुसायला लागली.