कॅप्टन कुठल्या पानावर मरतो

माझी नणंद व्हर्ना शहात्तराव्या वर्षी प्रेमात पडली आणि त्याचा सगळ्यात जास्त त्रास मला झाला.

तिच्या प्रेमाला माझी हरकत नव्हती. एल्वुड वेंट्झेल माणूस म्हणून वाईट नाही. पोट जरा पुढे आलंय, कान जरा मागे पडलेत, पण दात स्वतःचे आहेत आणि घरही स्वतःचं आहे, आमच्या खाडीच्या पलीकडच्या काठावर. चाळीस वर्षं त्याने या काठावरून त्या काठावर फेरीबोट चालवली. अकरा मिनिटांचा प्रवास. तेवढ्या जोरावर अख्खं गाव त्याला कॅप्टन म्हणतं.

माझी हरकत होती ती चार वाजण्याला. दुपारी चार ते सहा व्हर्ना मोठ्याने वाचते आणि मी विणते. बेचाळीस वर्षं हे असंच चाललं होतं. माझा नवरा लॉइड होडीच्या शेडमध्ये हातात रंगाचा ब्रश असतानाच वारला, तेव्हा मी सदतीस वर्षांची होते. पुरून आल्यावर आठवडाभर मी स्वयंपाकघरात बसून रडत होते. आठव्या दिवशी व्हर्ना पुस्तक घेऊन खाली आली. लग्न तिने केलं नव्हतं, घर तिच्या बापाचं, त्यामुळे ती वरच्या खोलीत पहिल्यापासूनच होती.

"आर्डिथ," ती म्हणाली, "तुझं रडणं थांबत नाही आणि मला स्वयंपाक येत नाही. असं किती दिवस चालणार?"

ती समोर बसली आणि वाचायला लागली. माझे हात रिकामे होते, म्हणून मी लोकर काढली. त्या दिवशी सहा वाजता मी बटाटे उकडले. तेव्हापासून आम्ही किती पुस्तकं संपवली आणि किती स्वेटर, याची मोजदाद नाही. काही स्वेटर मला अजून पुस्तकांमुळे आठवतात. आमच्या पाद्र्याच्या अंगात जो निळा आहे, त्याच्या डाव्या बाहीत एका आत्याचा खून झालेला आहे. त्याला हे माहीत नाही.

मी स्वतः का वाचत नाही, असं कुणी विचारलं तर मी म्हणायचे, मग विणणार कोण? खरं कारण वेगळं होतं. सातवीत शाळा सोडून मी मासे साफ करायच्या कारखान्यात लागले. वाचताना माझं बोट ओळीवरून फिरतं आणि ओठ हलतात. व्हर्नाने एकतीस वर्षं शाळेचं ग्रंथालय सांभाळलं होतं. तिच्यासमोर बोट फिरवायची माझी छाती नव्हती.

तर गेल्या हिवाळ्यात एल्वुड यायला लागला. साडेतीनला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला हॅडक मासा घेऊन. ताजा मासा घेऊन दारात उभ्या असलेल्या माणसाला हाकलता येत नाही, हे त्याला चांगलं ठाऊक असावं. तो पाच-साडेपाचपर्यंत बसायचा. पुस्तक मिटलेलं राहायचं.

एका रविवारी चर्चमधून येताना व्हर्ना म्हणाली, "एल्वुड म्हणतो, बर्फ वितळलं की त्याच्याकडे राहायला ये. पाद्र्याला सांगून रीतसर."

"मग तू काय म्हणालीस?"

"विचार करते म्हणाले."

"विचार करणारी बाई नवा ब्लाउज घेत नाही, व्हर्ना."

"सेलमध्ये होता," ती म्हणाली.

त्या रात्रीच्या जेवणाची भांडी घासताना मला स्वेटरची आठवण झाली.

आमच्या इथे, कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्यावर, एक समजूत आहे. लग्नाआधी बाईने आपल्या माणसाला स्वेटर विणला, की शेवटचा टाका पडायचा अवकाश, तो माणूस निघून जातो. मोजे चालतात. हातमोजे, टोपी, काय वाटेल ते चालतं. स्वेटर नाही. चर्चच्या विणकाम मंडळात या गोष्टीवर सगळ्या हसतात, पण लग्नाआधी स्वेटर विणलेली एक बाई दाखवा.

मी मात्र विणला होता. एकोणीस वर्षांची होते, हर्मन नावाचा मुलगा होता, आणि मी नऊ आठवडे खपून त्याला दोरखंडाच्या नक्षीचा पांढरा स्वेटर केला. तो घालून तो बॉस्टनला गेला. तो घालून! तिथून त्याच्या आईला त्याने फोटो पाठवला, शेजारी कुणी टायपिस्ट पोरगी, आणि अंगात माझा स्वेटर. आईने तो मला मुद्दाम दाखवला. पोरीकडे माझं लक्षच गेलं नाही. गळा काय सुंदर बसला होता! पुढे लॉइडला मी लग्न होईपर्यंत फक्त मोजे दिले. तो मरेपर्यंत कुठे गेला नाही. याहून जास्त पुरावा कुणाला हवा असेल तर त्याचं तो बघो.

दुसऱ्या दिवशी मी व्हर्नाला म्हटलं, "एल्वुडला एखादा स्वेटर का विणून देत नाहीस?"

"मी? मला सुई कुठल्या टोकाने धरतात तेही माहीत नाही. तूच दे विणून. तुझा आठवड्यात होईल."

"माझ्या हातचा तो माझा. बाईने आपल्या माणसाला आपल्या हातचं द्यावं." हे बोलताना मी चेहरा असा ठेवला होता, की पाद्र्याने मला पुढच्या बाकावर बसवलं असतं. "मी शिकवते की."

व्हर्नाने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बरं," ती म्हणाली.

मला तिथेच संशय यायला हवा होता. व्हर्ना पहिल्या फटक्यात "बरं" कधीच म्हणत नाही.

एका गोष्टीचा मात्र मी विचारच केला नव्हता. शिकायला निवांत हवं म्हणून व्हर्नाने एल्वुडला सहानंतर यायला सांगितलं होतं. चार वाजले. व्हर्नाच्या हातात सुया आणि मांडीवर लोकर. तिने पुस्तक उचललं आणि माझ्यासमोर ठेवलं.

"हे काय?" मी विचारलं.

"माझे हात अडकलेत. वाच."

चर्चच्या जुन्या बाजारातून आणलेली जाडजूड कादंबरी होती. स्कॉटलंडच्या एका बेटावरची विधवा आणि तिच्याकडे येणारा एक म्हातारा जहाजाचा कॅप्टन. व्हर्नाने ती आधी दोनदा वाचली होती. मी बोट ठेवलं आणि सुरुवात केली. ती शेजारी पुटपुटत होती, "सुलट, सुलट, उलट," आणि मी त्याच चालीत, "ती... विधवा... खिडकीत..." दोन वेगवेगळ्या चर्चमधल्या दोन म्हाताऱ्या एकाच खोलीत प्रार्थना करतायत असं वाटलं असतं कुणाला. दोन तासांत चार पानं झाली. मला घाम फुटला होता.

व्हर्नाने मला एकदाही टोकलं नाही. ही बाई भर चर्चमध्ये पाद्र्याचे उच्चार सुधारते. पण मी एखाद्या शब्दाशी अडले की ती थोडं थांबायची आणि मग तो शब्द हळूच सुईला सांगितल्यासारखा म्हणायची.

तिसऱ्या आठवड्यात मी दिवसाला दहा पानांवर गेले. हात बसला की डोकं रिकामं होतं, आणि माझं डोकं रिकामं राहिलं की घराला धोका असतो. कॅप्टनने विधवेच्या सूपचं कौतुक केलं, ते मी गाळलं. कॅप्टन फुलं घेऊन आला, तर माझ्या वाचनात ती तो बोटीवर विसरून आला. आणि एकशे बाराव्या पानावर तो वादळात तिचं औषध आणायला निघाला, तेव्हा मी त्याला सरळ बुडवला.

व्हर्नाने मान वर केली नाही. "एकशे बाराव्या पानावर कॅप्टन मरत नाही, आर्डिथ."

"मग कुठल्या पानावर मरतो?"

सुया थांबल्या. "माझा टाका सुटलाय बहुतेक," ती म्हणाली. "बघ बरं जरा."

मी टाका उचलून दिला. दुसऱ्या दिवशी मी कॅप्टनला किनाऱ्यावर आणला. त्या दिवशी एल्वुड लवकर आला होता आणि ऐकत बसला होता.

"काल बुडाला म्हणाली ना व्हर्ना?" त्याने विचारलं.

"पोहता येत होतं त्याला."

"एवढ्या कपड्यांत?"

"बुटांसकट."

"चाळीस वर्षांत असा एकही पाहिला नाही मी," एल्वुड म्हणाला. त्यानंतर तो रोज चारच्या आधी खुर्ची ओढून बसायला लागला. बेटावरच्या वाऱ्याच्या दिशा चुकल्यात म्हणून लेखकाशी भांडायचा.

स्वेटर वाढत होता. त्याचा रंग दलियाचा. पाठ कमरेपर्यंत, पुढचा भाग बरगड्यांपर्यंत. एक बाही एल्वुडला आखूड, दुसरी त्याच्याहून वीतभर उंच अशा कुणाची तरी. मी गप्प होते. जितका भयानक, तितका लवकर जाईल. पण बोटं शिवशिवायची. एकदा व्हर्ना मोरीत गेली असताना मला राहवलं नाही आणि मी तिच्या दोन ओळी उसवून नीट केल्या. मग भानावर आले, माझ्या ओळी उसवल्या आणि तिच्या चुका होत्या तशा, होत्या तिथे परत विणल्या. सुया हातात घेऊन इतकं अवघड काम मी जन्मात केलेलं नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शेवटचा टाका पडला. एल्वुडने स्वेटर घातला आणि खिडकीसमोर उभा राहिला. उजवं मनगट उघडं, डावा हात बोटांसकट गायब. मी मनात म्हणत होते, जा बाबा. बॉस्टनला जा. कुठेही जा.

एल्वुडने ती लांब बाही वर धरली. "ह्याच हाताला जास्त थंडी वाजते मला," तो म्हणाला. "सुकाणूवर असायचा ना हा, सतत उघड्यावर. तुला कसं कळलं, व्हर्ना?"

व्हर्ना बीटाच्या लोणच्यासारखी लाल झाली. आणि मला कळलं, संपलं.

तो गेल्यावर ती सुया नीट पुसून माझ्या डब्यात ठेवत म्हणाली, "हर्मनची गोष्ट तू मला आजवर निदान तीसदा सांगितली आहेस. स्वेटरचं मला माहीत नसेल असं वाटलं तुला?"

मी बटाटे सोलत होते. सोलत राहिले. मग विचारलं, "माहीत होतं तर विणलास कशाला?"

"जायचाच असेल तर आधी जाऊ दे म्हटलं. पुस्तकांची अकरा खोकी आहेत माझी. ती नेऊन परत आणायची म्हणजे काय..." तिने डबा बंद केला. "आणि तू वाचत होतीस."

मे महिन्यात पाद्र्याने दोन शब्द बोलून त्यांचं रीतसर केलं. पाद्री निळ्या स्वेटरमध्ये, नवरा दलियाच्या. अकरा खोकी एल्वुडच्या ट्रकमधून खाडीला वळसा घालून गेली. फेरीबोट केव्हाच बंद झाली आहे, रस्त्याने पाऊण तास लागतो. ती कादंबरी मात्र व्हर्ना टेबलावर ठेवून गेली, आत खुणेला लोकरीचा तुकडा.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी सुया घेऊन बसले. फ्रिज गुरगुरत होता. तेवढंच. रडायला मला आता येत नाही, सवय गेली, आणि उपयोग तरी काय? रडणं ऐकून पुस्तक घेऊन खाली येणारं वर कुणी नव्हतं. पाच मिनिटांनी फोन वाजला.

"कुठे आहेस तू?" व्हर्ना ओरडली.

"घरी. आणखी कुठे असणार?"

"पुस्तकात कुठे आहेस विचारतेय. चार वाजून गेले. एल्वुड खुर्ची ओढून बसलाय. फोन टेबलावर ठेवलाय, मोठ्या आवाजावर. वाच."

मागे खडखड ऐकू येत होती. ती मला कुठेही ओळखता येते. "विणतेयस तू? त्या बिचाऱ्याने काय पाप केलंय?"

"हा त्याला नाही. हा तुझा आहे," व्हर्ना म्हणाली. "बघू, तू कुठे जातेस का."

तर असं रोज चारला सुरू झालं. जूनमध्ये एल्वुडला डॉक्टरने आठवड्यात दोनदा बोलावलं. छातीचं काहीतरी. "काही नाही गं," व्हर्ना म्हणाली. व्हर्ना "काही नाही" कधी म्हणते, ते मला माहीत आहे.

त्याच आठवड्यात तीनशे एकेचाळीसावं पान आलं. कॅप्टन अंथरुणावर, विधवा उशाशी, खिडकीबाहेर समुद्र. माझे डोळे हल्ली बोटाच्या पुढे पळतात. तीन ओळी खाली तो मरत होता. साधा, झोपेत, काही गाजावाजा न करता. हिवाळ्यात मला हे पान सापडलं असतं तर मी ते दोनदा वाचलं असतं.

"का थांबलीस?" फोनमधून एल्वुड म्हणाला. त्याला बोलताना मध्ये दम घ्यावा लागत होता.

"चष्मा पुसतेय."

मी चष्मा पुसला. मग वाचलं, "कॅप्टनने पांघरूण फेकून दिलं, उठून बसला आणि विधवेला म्हणाला, काय गं, आज मासा कुठला आहे?"

"शाबास!" एल्वुड म्हणाला. "कुठला आहे?"

"हॅडक, असं लिहिलंय."

सुयांची खडखड थांबली होती. एकतीस वर्षं जिने पोरांना पुस्तकात पेन्सिलीची रेघसुद्धा मारू दिली नाही, ती आता बोलेल म्हणून मी वाट पाहत होते. फ्रिज गुरगुरत राहिला. पलीकडे एल्वुडची खुर्ची करकरली.

मग सुया परत सुरू झाल्या.

"वाच पुढे," व्हर्ना म्हणाली. "सावकाश वाच. आम्हाला घाई नाही."

छापलेल्या पुस्तकात पुढची चाळीस पानं विधवा काळे कपडे घालून समुद्राकडे बघत बसते. मला आता ती चाळीस पानं भरून त्या माणसाला रोज जेवायला घालायचं होतं. मी घसा साफ केला आणि बटाट्यांपासून सुरुवात केली.