वाकणाऱ्या खडावा

"हालू नका, पाटील. करंगळीपाशी आलो," मोतीराम सुतार म्हणाला आणि कोळशाचा तुकडा त्याने उत्तमराव पाटलांच्या पायाला चिकटवूनच पुढे सरकवला.

"गुदगुल्या होऊन राह्यल्या बे!"

"होऊ द्या. इथं कोण पाहून राह्यलं?"

अर्धं डोणगाव पाहत होतं. सुताराच्या मांडवात पाटील धोतर गुडघ्यापर्यंत धरून फळीवर उभे आहेत, हा काही रोज दिसणारा प्रकार नव्हता. पण ही आफत त्यांनी स्वतःच्याच तोंडानं ओढवून घेतली होती, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

झालं होतं असं. पोळा होऊन आठच दिवस झाले आणि त्यांचा पवळ्या बैल गेला. बारा वर्षं त्यानं पाटलांचं वावर वाहिलं होतं. बांधावर त्याला माती देताना उत्तमरावांना भरून आलं आणि दहा माणसांसमोर ते बोलून बसले, "आजपासून पवळ्याच्या भावकीचं कातडं पायात घालणार नाही." बोलले ते बोलले. पायातल्या करकर वाजणाऱ्या वहाणा तिथंच काढून त्यांनी सालदाराला, कडूबाला, देऊन टाकल्या. कडूबाला त्या बोटभर मोठ्या होत्या, पण त्यानं एका शब्दानं तक्रार केली नाही.

मग माळ्यावरून आज्याच्या खडावा निघाल्या. बाभळीच्या, एकेक दीड शेराची. तीन महिन्यांत पाटलांच्या टाचा फुटल्या, खुंटीनं अंगठ्याशेजारी घट्टा पडला आणि गुडघे कुरकुरायला लागले. टायरच्या चपला घ्याव्यात तर लढाई चालू. टायर सगळे पलटणीकडे गेलेले, मेहकरची मोटारसुद्धा कोळशाच्या धुरावर खोकत यायची. "सोडा आता तो हट्ट," असं जो तो म्हणे. पण दहा माणसांत दिलेला शब्द, तो कसला सुटतो! पाटील लंगडत राहिले.

"दुखणं कुठं हाये सांगू काय?" पाय आखून झाल्यावर मोतीराम म्हणाला. "पाय वाकते, खडाव वाकत नाही. दोघाईचं भांडण तुमच्या टाचेत निघून राह्यलं."

"मंग वाकव ना लाकूड."

"वाकवतो. मधात चामड्याची एक पट्टी लावू द्या, दोन दिवसांत —"

"चामड्याचं नाव काढू नको!"

पहिला जोड मोतीरामनं मधोमध कापला आणि त्याला दाराच्या बिजागऱ्या बसवल्या. वाकत होता झकास. फक्त दर पावलाला तो तळव्याची कातडी चिमटीत धरायचा. मांडवापासून रस्त्यापर्यंतच्या वीस पावलांत पाटलांनी घरातल्या सगळ्या देवांची नावं घेतली. दुसरा जोड बांबूच्या कामट्यांचा. तो मारुतीच्या पारापर्यंत टिकला. तिथं कडकन मोडला आणि पाटील पारावर गप्पा छाटत बसलेल्या अर्जुनरावांच्या मांडीत जाऊन बसले. अर्जुनरावांनी ही गोष्ट पुढं दुसरबीडच्या बाजारापर्यंत नेली.

त्यानंतर मोतीराम चार दिवस नुसता बाजेवर पडून राहिला. बायकोला वाटलं, ताप आला. तो बाजेची नवार पाहत होता. अंग टाकलं की ती कशी खाली जाते, उठलं की कशी वर येते, हेच पाहत होता. पाचव्या दिवशी उठून त्यानं शिवणीचं हलकं लाकूड काढलं. पायाच्या आकाराच्या सात आडव्या पट्ट्या कापल्या, दुहेरी नवारीवर ओळीनं मांडल्या आणि अंबाडीच्या दोरीनं ओवून घेतल्या. खुंटीच्या जागी नवारीचाच पट्टा. सारवलेल्या जमिनीवर घसरू नयेत म्हणून तळाला गोणपाटाचा जाड थर शिवला.

उत्तमराव त्या घालून मांडवात दोन पावलं चालले. थांबले. वळून पुन्हा चालले.

"मोतीराम."

"काय झालं? चिमटलं काय?"

"पायात काही हाये असं वाटतच नाही ना, बाप्पा!"

मोतीरामनं तोंड फिरवून उगाच रंधा झटकला. चाळीस वर्षं त्यानं वखर, तिफणी अन् दारं केली होती. असं कोणी बोललं नव्हतं.

आता त्या बाभळीच्या खडावांचं एक होतं. आवाज. पाटील गल्लीच्या तोंडाशी आले की खट्, खट्, खट् थेट चुलीपर्यंत ऐकू यायचं. त्याआधीच्या वहाणाही तशाच करकरणाऱ्या. त्यामुळे उत्तमराव घरात शिरत तेव्हा वच्छला आणि पुष्पा या दोन्ही सुना डोक्यावर पदर घेऊन उभ्या, कडूबा गोठ्यात शेण भरतोय आणि बायको सोजराबाई मान खाली घालून तांदूळ निवडतेय, असंच चित्र त्यांना गेली कित्येक वर्षं दिसत आलं होतं. आपलं घर मुळातच असं शिस्तीचं आहे, अशी त्यांची समजूत होती. चारचौघांत ते सांगायचेही.

त्या दुपारी ते मांजराच्या पावलांनी घरी आले.

गोठ्यात कडूबा सरकीच्या पोत्यावर आडवा पडून घोरत होता. पाटलांच्या जुन्या वहाणा त्यानं उशाला घेतल्या होत्या. उत्तमराव त्याला हाक मारणार, तेवढ्यात मागच्या दारातून आवाज आला, खट्, खट्, खट्. स्वतःच्या येण्याचा आवाज त्यांना स्वतःच्या घरातून ऐकू येत होता. ते चक्रावून दाराच्या फटीशी गेले.

आत सोजराबाई पदर कमरेला खोचून, पोट पुढं काढून फेऱ्या मारत होती. एका हातातलं लाटणं दुसऱ्या हातातल्या पोळपाटावर पावलागणिक आपटत होती.

"काय बे कडूबा! दिवसा कंदील काऊन जळून राह्यला? सूर्य तुह्या बापानं लपवला काय?" आवाज हुबेहूब पाटलांचा. मग नसलेल्या मिशीला पीळ देऊन, "बोललो ते बोललो!"

पुष्पा जमिनीवर लोळत होती. वच्छलेनं पोट धरलं होतं, "बस करा आत्याबाई, मरतो आता," असं ती कळवळून सांगत होती. आणि मग सोजराबाईलाच हसू फुटलं. समोरचा एक दात पडलेला, डोळ्यांतून पाणी, मान मागं टाकून ती खळखळून हसली. चाळीस वर्षांच्या संसारात बायको अशी हसते हे उत्तमरावांना माहीतच नव्हतं. आधी त्यांचे कान तापले. मग लक्षात आलं की आपणही हसतोय, कारण नक्कल खरंच नामी होती.

तेवढ्यात पुष्पाची नजर दाराकडे गेली.

"आई वं! मामाजी!"

पिठाची परात उपडी झाली. तीन पदर एकदम तीन डोक्यांवर गेले. सोजराबाईनं लाटणं पाठीमागं लपवलं.

"पाणी द्या," उत्तमराव म्हणाले. काहीतरी म्हणणं भाग होतं.

त्या दिवसापासून घराची रयाच गेली. पाटील केव्हा कुठून उगवतील याचा नेम नाही म्हणून सुनांचा पदर सकाळपासून दिवेलागणीपर्यंत डोक्यावरून हलेना. एक जण स्वयंपाक करी, दुसरी दारात पहारा देई. कडूबा एवढं काम करायला लागला की गाईगुरं बावरली. सोजराबाई कुजबुजत बोलू लागली. घरात कोणी आजारी पडलंय असं येणाऱ्याजाणाऱ्याला वाटे. आणि उत्तमरावांचे पाय मात्र त्या मऊ खडावांत इतके सुखात होते, की त्यांना त्याचीच लाज वाटायला लागली.

त्यांनी उपाय करून पाहिले. आधी ते गल्लीच्या तोंडापासून खोकत येऊ लागले. दुसऱ्याच दिवशी सोजराबाईनं अडुळशाचा काढा करून पुढं ठेवला. दिवसातून तीन वेळा, पेलाभर. मुकाट्यानं पिण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मग ते खोकायचे थांबले आणि अभंग म्हणत येऊ लागले. जन्मात कधी टाळ हातात न धरलेला माणूस भर दुपारी विठ्ठल विठ्ठल करत येतोय म्हटल्यावर सोजराबाईचं तोंडच उतरलं. म्हातारा बुवा होऊन निघून जाणार, असं वाटून तिनं थोरल्याला, शेषरावाला, वावरातून बोलावून घेतलं.

दहाव्या दिवशी पाटील खडावा हातात घेऊन मोतीरामच्या मांडवात आले.

"मोतीराम, ह्यायले आवाज बसव."

मोतीरामच्या हातातली पटाशी थांबली. "आवाज? लोकं खडावांचा आवाज घालवाले पाहतात, पाटील."

"सापाचं भेव असते. आवाजानं साप पळते."

"तुमच्या सैपाकघरात?"

उत्तमराव खडावांवरची धूळ झटकू लागले.

"खरं सांगा. माह्यं काही चुकलं काय?" मोतीरामचा चेहरा पडला होता. "नागपूरच्या लाटसाहेबाच्या पायात शोभन असा जोड केला म्या."

पाटील ओंडक्यावर बसले. "तुह्यं काही चुकलं नाही गड्या. जोड लाखात एक हाये. पण माह्या घरात हासणं बंद झालं ना, बाप्पा. मी बिनआवाजाचा घरात गेलो अन् सोजराचं हासू गेलं. एकडाव आयकलं म्या ते. मले ते परत पाहिजे."

मोतीरामनं हातातली पटाशी खाली ठेवली. लाकडाच्या तुकड्यांची पेटी पुढं ओढली आणि एकेक तुकडा मांडवातल्या दगडावर आपटायला सुरुवात केली. पाटील डोळे मिटून ऐकू लागले.

"हा सागवान."

"नको. तहसीलदार आल्यावानी वाटते."

"आंबा."

"ह्यानं कोण उठन? कडूबा तं कूसही बदलणार नाही."

"चिंच."

"फुटकं मडकं."

मोतीरामनं पेटीच्या तळाचा एक काळसर तुकडा काढून आपटला. खट्.

"हाव," उत्तमराव म्हणाले. "हा मी."

बाभूळच होती ती. टाचेखालचं गोणपाट उसवून मोतीरामनं तिचा दोन बोटांचा तुकडा तिथं ओवून दिला. बाकी खडाव होती तशीच मऊ राहिली.

त्या संध्याकाळी गल्लीत खट्, खट् वाजलं आणि घरानं सुटकेचा निःश्वास टाकला. पाटील आत आले तेव्हा सुना पदर घेऊन उभ्या होत्या, कडूबा शेण भरत होता, सोजराबाई तांदूळ निवडत होती. काढा आला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर उत्तमराव मोठ्यानं म्हणाले, "वावरात चाललो मी!" आणि खट् खट् करत बाहेर पडले. गोठ्याच्या कोपऱ्याशी आले, इकडं तिकडं पाहिलं, खाली उकिडवे बसले आणि खडावा काढून दोन्ही हातांत घातल्या. मग त्यांनी त्या दगडावर वाजवल्या, आधी जोरात, मग हळू, मग आणखी हळू, माणूस लांब लांब जातो तशा.

मान वर केली तर सरकीच्या पोत्यावरून कडूबा पाहत होता.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कडूबानं कूस बदलली आणि घोरायला सुरुवात केली.

उत्तमराव अनवाणी मागच्या भिंतीशी गेले. आत भांडी आवरल्याचा आवाज आला. मग लाटणं वाजलं. आज नवा खेळ होता, काढा पिणारे पाटील. त्यानंतर अभंग म्हणणारे पाटील. त्यात सोजराबाई इतकी बेसूर लागली की वच्छला किंचाळली. उत्तमरावांनी पटक्याचा शेव तोंडात कोंबला आणि भिंतीला टेकून पोट दुखेस्तोवर हसले. बायकोचं हसणं भिंतीतून येत होतं. ते ऐकून त्यांना फार बरं वाटलं.

असं दोन दिवस चाललं. उभं राहून गुडघे बोलायचे, पण ते कोणाला सांगणार?

तिसऱ्या दिवशी ते आपले नेहमीप्रमाणे लांब निघून गेले आणि अनवाणी मागं आले, तर भिंतीशी एक पाट मांडलेला होता. धुतलेला. त्यावर घोंगडीची घडी, शेजारी पाण्याचा तांब्या.

पाटील पाटाकडे पाहत राहिले. गोठ्याकडे पाहिलं. कडूबा झोपला होता, आणि पाट धुऊन ठेवणाऱ्यातला तो नव्हता.

आतून सोजराबाईचा आवाज आला. नकलेतला नव्हे, तिचा स्वतःचा.

"वच्छले, मागचं दार जरासं उघडं ठेव वं. लय उकडून राह्यलं."

पौष महिना होता. वच्छला काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, पण दार चार बोटं उघडलं.

उत्तमरावांनी खडावा बाजूला ठेवल्या, वाजू न देता, आणि ते पाटावर बसले. आत लाटणं पोळपाटावर पडलं, खट्, खट्.