अकरावा प्रश्न

"हे सांगतो त्यावर बापजन्मात कोनी विश्वास ठेवनार नाय," करावे गावातल्या बहिणीच्या ओट्यावर टेकता टेकता कमळाकरने जाहीर केलं, "पन माझ्या मशिनीनं लाईट नसताना तासभर काम केलंय. पिन भिंतीतून काढून मी हातात धरलेली, आन मशीन आपली चालूच!"

कोलंबी सोलत बसलेल्या शेवंताबाईने मान वर केली नाही. तिची मुलगी प्रिया मात्र फिसकन हसली. "मामा, सकाळी सकाळी चालू झालास?"

कमळाकरला तेवढा आधार पुरला. धाकट्या बहिणीच्या दारात तो दोन वर्षांनी आला होता. दोन भाऊबीजा कोरड्या गेल्या होत्या. परवा त्याच्या मुलाची, कुंदनची हळद. पहिली हळद आत्याने लावायची, आणि ही एकुलती एक आत्या शिरवण्याला भावाच्या घराकडे फिरकायला तयार नव्हती. माणसं पाठवून झाली, पत्रिका पाठवून झाली. शेवटी स्वारी स्वतः निघाली. माफी मागायची कशी ते काही त्याला जमण्यासारखं नव्हतं, म्हणून येताना थाप घेऊन आला होता.

"ऐक तर," तो प्रियाकडे बघत, पण शेवंताला ऐकू जाईल असं म्हणाला. "मशिनीचा परिंटर सुरू झाला की खाडीवरचे बगळे उडून थेट उरणला जायचे. देवजी पाटील तिच्यासमोर आंघोळ करूनच बसायचा. मशीन इचारी, 'बापाचं नाव?' हा हात जोडून सांगी, 'म्हाराज, धर्मा.'"

यातला देवजी खरा होता, हात जोडणंही खरं होतं. कोर्टात तीस वर्षं टाइपरायटर बडवून कमळाकर घरी बसला, तेव्हा नव्या शहरासाठी गेलेल्या शेतांच्या बदल्यात भूखंड मिळायचे दिवस होते. अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं मिळून प्रत्येकाचे चौदा कागद. मजकूर सगळ्यांचा तोच, फक्त नावं, सर्व्हे नंबर आणि वारस वेगळे. त्याने वाशीच्या एका बंद पडलेल्या ऑफिसातून जुना कॉम्प्युटर आणला, तीन महिने डोकं फोडून साचा बनवला. पक्का मजकूर एकदाच लिहिलेला, नावांच्या जागा रिकाम्या. मशीन एकामागून एक तेवीस प्रश्न विचारायची; उत्तरं दिली की आपापल्या जागी जाऊन बसायची. अख्ख्या पंचक्रोशीत असा साचा कोणाकडे नव्हता. त्याचा कमळाकरला केवढा गर्व!

अकरावा प्रश्न होता: 'बहिणींनी हक्क सोडला आहे काय? होय / नाही.'

पहिल्या एकतीस घरांनी 'होय' सांगितलं. त्यात विचार करण्यासारखं कोणाला काही वाटलंच नाही. बहिणी सोडतातच. दारात माणसांची रांग, आणि दर वेळी तेच एक अक्षर दाबायचं. एका दुपारी कमळाकरने तो प्रश्न काढून टाकला आणि साच्याच्या पक्क्या मजकुरात वाक्य घातलं: 'माझ्या बहिणींनी आपला हक्क राजीखुशीने सोडला आहे.' त्यानंतरचा पहिलाच अर्ज त्याचा स्वतःचा होता. दहाव्या प्रश्नावरून मशीन सरळ बाराव्यावर गेली. त्याला ते दिसलं. बोट क्षणभर थांबलंही. शेवंता काय नाही म्हणणार आहे, असं मनाशी म्हणून त्याने पुढचं बटण दाबलं.

पुढे त्या कागदाची नक्कल प्रियाने आईला वाचून दाखवली. तोवर शेवंताच्या नवऱ्याची होडी विकली गेली होती आणि भूखंडावर बिल्डरचा दुसरा मजला चढला होता.

"मग? लाईट नसताना काय केलं मशिनीनं?" प्रियाने विचारलं.

शेवंताबाईने कोलंबीचं ताट बाजूला सारलं. आल्यापासून पहिल्यांदा तिने भावाकडे नीट पाहिलं.

"दादा, तुझे बगले उरणला जाव नाय तर गोव्याला. मना एकच सांग. देवजीच्या बहिनीचं इचारलं, गावच्या पाटलाच्या चारी पोरींचं इचारलं. माझा परश्न कुठं गेला? जागा नको मना. तवा पन दिलीच असती. खरं काय ते बोल, मी आता लुगडं बदलतंय आन तुझ्यासंगती निघतंय. पोराची हळद हाय, मना काय कलत नाय?"

खरं जिभेवर होतं. दोन शब्दांचं होतं: मीच काढला. पण भाची समोर बसलेली, शेजारची वैजयंती कुंपणाशी कान देऊन उभी, आणि साठ वर्षांची सवय. कमळाकरने घसा साफ केला.

"तेच तर सांगत व्हतो, शेवंते. आपला अर्ज निघाला त्या दुपारीच लाईट गेली. बिनालाईटीची मशीन चालली तासभर, पन उपाशीपोटी! करंट नाय, तर खाईल काय? समोर जो परश्न आला तो गिळला तिनं. अकरावा. लाईट आली तवा बघतो तर दहाच्या पुढं बारा! माझ्या हातात काय व्हतं, सांग?"

प्रिया हसायला गेली आणि आईचं तोंड बघून थांबली.

"लाईट गेली नव्हती," शेवंताबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण कुंपणापर्यंत स्पष्ट गेला. "पंखा फिरत व्हता. रांगेतल्या बाया वाऱ्याला बसलेल्या, आन मी त्यांच्यात. वैनीला बोंबील द्यायला आलती. तू तुझाच अर्ज करत व्हतास, तुझ्यापासून दहा हातांवर बाकड्यावर व्हती मी. मना इचाराला तुला खुर्चीवरून उठाया पन लागलं नसतं. खोटं बोलतंस, दादा."