भाकरीखालची फळी

मी एक जुनी फळी आहे. दोन हात लांब, दीड हात रुंद. सध्या रोह्याजवळच्या वरसे गावात कोंबड्यांच्या खुराड्यावर झाकण म्हणून पडून असते. मित्रांनो, तुम्ही मोबाइलवर जेवणाचे सुंदर फोटो पाहता ना? ताटाखाली कधी काळा दगड दिसतो, कधी जुने लाकूड. तो दगड पुष्कळदा दगड नसतोच. रंगवलेली माझ्यासारखी एखादी फळी असते.

मी मूळची पेणची. गणपतीच्या एका कारखान्यात मूर्ती माझ्यावर वाळत. रोशनी तिथे मूर्तींना पांढरा हात, म्हणजे पांढऱ्या रंगाचा पहिला थर, देण्याचे काम करायची. लग्न होऊन ती वरशाला आली आणि पुढे एकदा माहेरी गेली, तेव्हा मालकाला विचारून मला घेऊन आली.

तिचा नवरा भरत धाटावला रसायनांच्या कंपनीत होता. कंत्राट संपले आणि तो घरी बसला. मग रोशनी आणि तिची सासू हौसाबाई डबे करू लागल्या. ते डबे भरत आपल्याच जुन्या सोबत्यांना पोचवी. डबे होते बारा. वापीहून त्याला कामाचे बोलावणे आले होते. तो म्हणाला, "तीस डबे झाले तर मी कुठं जात नाय." फोटो चांगले असले तर डबे वाढतील, असे रोशनीला वाटले.

फोटोसाठी ताटाखाली घालायचा दुकानातला तयार पडदा परवडणारा नव्हता. तिने मला पॉलिश पेपरने घासले. पातळ पत्र्याने पुट्टी ओढली, मुद्दाम वरखाली, दगडासारखी. ती वाळल्यावर राखाडी रंगात स्पंज बुडवून ठिपके उठवले. जुन्या दात घासायच्या ब्रशने काळे शिंतोडे उडवले. मी खरोखर दगड दिसू लागले. पण कारखान्यात शेवटचा हात नेहमी चकाकीचा, म्हणजे वॉर्निशचा, असतो. सवयीने तिने मलाही चकाकी दिली.

पहिल्या फोटोत वालाच्या ताटाशेजारी माझ्या चकाकीत खिडकी उमटली. तो पाहून हौसाबाई हसल्या. "अगो रोशनी, वालापरीस खिडकीच जास्त दिसते! गिऱ्हाइकाला काय खिडकी खायाला घालतेस?"

रोशनीही हसली. तिने पुन्हा पेपर घेऊन माझी सगळी चकाकी उतरवली. आता उजेड माझ्यावर शांत पडू लागला. मात्र त्या चकाकीबरोबर माझ्या रंगाला धरून ठेवणारा थरही गेला. बोट फिरवले की बोटाला राखाडी भुकटी लागे.

ताटे माझ्यावर येत होती तोवर काही बिघडले नाही. कडव्या वालाची उसळ, सुक्या जवळ्याची चटणी, सोलकढी. सगळे माझ्यावर उठून दिसे. डबे बाराचे एकोणीस झाले, मग सव्वीस. लोक म्हणत, "दगड कुठून आणला?" मला फार अभिमान वाटे.

एके सकाळी रोशनीने गरम तांदळाच्या भाकऱ्या थेट माझ्या अंगावर मांडल्या. फोटो सुरेख आला. पण भाकऱ्या उचलल्या, तेव्हा त्यांच्या पोटाला राखाडी डाग होते. रोशनी थबकली. बाहेर भरत हॉर्न वाजवत होता. डबे पोचवायची वेळ झाली होती. आतून हौसाबाई ओरडल्या, "दोन भाकऱ्या कमी पडतात गो!" घरात अन्न टाकायची रीत नव्हती. रोशनीने पदराने डाग पुसले, भाकऱ्या डब्यात भरल्या आणि डबे भरतच्या हाती दिले.

संध्याकाळी भरत डबे घेऊन परतला, तो मान खाली घालून. नितेश नावाच्या सोबत्याने सगळ्यांसमोर भाकरी उलटी करून दाखवली होती. "दिवसभर कंपनीचा वास घेतो. आता डब्यात चव पण तिचीच काय रे?" सगळे हसले. दुसऱ्या दिवशी आठ डबे बंद झाले. महिन्याभरात पाच उरले.

"मला सांगायचं तरी," भरत म्हणाला.

"घाई होती," रोशनी म्हणाली.

हौसाबाईंनी मला उचलून मागच्या दारी नेले. भरत वापीला गेला. आपल्या लहान मुलीचा वाढदिवस आता तो फोनवरच करतो. रोशनी हंगामात पेणला जाऊन पुन्हा पांढरा हात देते. माझी पुट्टी ओलीने फुगली आहे आणि तिचे पापुद्रे कोंबड्या टोचून काढतात.

मित्रांनो, अशी फळी तुम्हीही जरूर बनवा. खर्च थोडा आणि मजा मोठी. पण रंगावर अन्न ठेवू नका, मध्ये ताट किंवा केळीचे पान असू द्या. काम झाले की फळी कोरड्या फडक्याने पुसून भिंतीला उभी करा. आणि चूक दिसली, तर दारात कितीही हॉर्न वाजो, तेव्हाच सांगा. ते डाग रोशनीने पाहिले, तसे मीही पाहिले होते. मी तर लाकूड, मला तोंड नव्हते.