मागची जाळी

दहाव्याला कावळा शिवेना.

प्रवरेच्या काठी पिंड मांडून तास उलटला होता. समोरच्या बाभळीवर नऊ कावळे होते. साल दुष्काळाचं, कावळ्यांच्याही पोटात खड्डे. तरी एक खाली उतरेना. पंचायत बसावी तसे बसले होते. राहीबाईंचा जीव कशात तरी अडकलाय, एवढं सगळ्यांना कळलं. कशात, ते एकट्या राहीबाईंना ठाऊक, आणि त्या तर चार दिवसांच्या तापात गेलेल्या.

रिवाजाप्रमाणे वचनं सुरू झाली. मूलबाळ नव्हतं, म्हणून कर्ता नवराच. आबासाहेबांनी हात जोडले. "कपिलीला इकनार न्हाई." कपिली म्हणजे गाय. कावळे ढिम्म.

राहीबाईंचा धाकटा भाऊ गोरक्षनाथ पुढं झाला. "आक्का, साळूचं लगीन मी लावीन." साळू त्यांची शेंडेफळ बहीण. एका कावळ्यानं मान वळवली, पण पंख खाजवायला. मग कुणी शाळेला खोली बांधायचं कबूल केलं, कुणी तंबाखू सोडली, दोन भाऊबंदांनी बांधाचं भांडण मिटवलं. गावातली बरीच रखडलेली कामं त्या तासात मार्गी लागली. पिंड मात्र जिथल्या तिथं.

"आबासाहेब, काही मागत होत्या का त्या? आठवा," भटजी म्हणाले. त्यांना पुढं आणखी एक दहावा होता.

आबासाहेब आठवू लागले आणि त्यांच्या ध्यानात आलं की तेवीस वर्षांत बायकोनं काही मागितलंच नव्हतं. पाटल्या नाहीत, लुगडं नाही, माहेरी चार दिवस जास्तीचेही नाहीत. मागितली होती एकच गोष्ट, आणि ती चारचौघांत बोलायची लाज वाटावी अशी.

झालं होतं असं. दोन वर्षांपूर्वी, पाटपाण्याच्या उसानं हात दिला तेव्हा, आबासाहेबांनी नगरहून फ्रीज आणला. गावातला पहिला. बरोबर आलेल्या मिस्त्रीनं बजावलं होतं, "भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. मागच्या काळ्या जाळीवर धूळ बसते, ती दोन महिन्यांनी ब्रशनं काढा. नाहीतर मशिनला दम लागतो." पण फ्रीज ठेवला बैठकीत, आणि बैठकीत मानाच्या पाहुण्याला टेकायला भिंत द्यायची पद्धत. आबासाहेबांनी फ्रीजलाही दिली. लोडही देणार होते, पण तो उभा राहणारा पाहुणा निघाला.

मग राहीबाईंचं सुरू झालं. "अवं, पाठ तापली त्याची. जरा सरकू लागा, जाळी पुसून घेते."

"बघू."

"दूध नासतंय."

"बघू की."

"तुमी निस्तं एका बाजूनं धरा. पुसते मी."

"आगं, पाव्हनं बसल्यात. आत जा."

बैठकीत दिवसभर माणसं. ती बसलेली असताना बाईमाणसानं तिकडं फिरकायचं नाही, आणि ती उठायची नाहीत, कारण आबासाहेब त्यांना बर्फाचं पाणी पाजायचे.

आता आबासाहेबांनी डोळे मिटले आणि पुटपुटले.

"काय म्हनलात, दाजी?" गोरक्षनाथानं विचारलं.

"फ्रीजची जाळी पुसतो म्हनलो!" आबासाहेब ओरडले.

मागं कुणाला तरी हसू आलं, त्यानं त्याचा खोकला केला. तेवढ्यात बाभळीवरचा सगळ्यात म्हातारा कावळा उतरला, दोन उड्या मारून पिंडाशी आला आणि त्यानं चोच घातली. मग राहिलेले आठही आले. शेवटी पिंडाशेजारचा वडा कुणी न्यायचा यावरून त्यांच्यात जुंपली.

लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. गोरक्षनाथ मात्र रडायला लागला. "दाजी," तो म्हणाला, "ह्ये तर लई सोपं हुतं की."

आबासाहेब तडक घराकडं निघाले. घरी आल्यावर त्यांनी बैठकीतल्या माणसांना उठवलं. तिथं असं पहिल्यांदाच घडत होतं, त्यामुळं माणसांना आपल्या चपला कुठं असतात तेही चटकन आठवेना. मग त्यांनी फ्रीजची पिन काढली आणि गोरक्षनाथाला म्हणाले, "एका बाजूनं धर."

फ्रीज पहिल्याच ओढीत पुढं आला. दोन माणसांचं काम, दमही न लागता झालं.

ब्रश म्हणून त्यांनी दाढीचा घेतला. सकाळीच मिशीसकट सगळं उतरलेलं, त्याला काम नव्हतं. जाळीवर गोधडीसारखी जाड धूळ होती. पण सगळीकडं नाही. उजव्या कडेपासून हातभर जाळी लख्ख होती, घासलेल्या तव्यासारखी काळी. तिथून पुढं धूळ, एका रेषेत कापल्यागत.

"हितं कुनी तरी पुसलंय," गोरक्षनाथ म्हणाला.

आबासाहेबांनी भिंतीकडं पाहिलं. चुन्यावर बांगड्यांच्या रेघा होत्या. एकीवर एक, शंभर तरी असतील, आणि सगळ्या एकाच ठिकाणी संपत होत्या. पहाटे, बैठक भरायच्या आधी, एक हात भिंत आणि फ्रीजमधल्या चिंचोळ्या फटीत खांद्यापर्यंत शिरत होता आणि जिथं पुरायचा नाही तिथून परत येत होता.

"सोडू का दाजी?" गोरक्षनाथानं विचारलं. तो अजून आपली बाजू धरूनच उभा होता.

"नको. धर," आबासाहेब म्हणाले. धरायची गरज नव्हती.

ते खाली बसले आणि ब्रश चालवू लागले. धूळ भुंड्या डोक्यावर, ओठांवर बसत होती. ती त्यांनी पुसली नाही. डावीकडून सुरुवात करून एकेक तार साफ करत ते त्या रेषेपर्यंत आले, आणि थांबले.

पुढची पुसलेली होती.