ग्रोनिंगेनची थेट गाडी

"एकेकच घ्या रे मंडळी! दुसऱ्याला हात घालाल तर याद राखा!" असं म्हणत गेशेने बिस्किटांचा डबा रांगेतून फिरवला आणि झाकण टपकन लावलं. कॉफीबरोबर एकच बिस्कीट, मग झाकण बंद. नेदरलँड्सच्या उत्तर टोकाला, ग्रोनिंगेनमध्ये, प्रत्यक्ष राजा आला तरी हा रिवाज त्याला चुकत नाही. चर्चच्या सभागृहात कॉफी देता देता म्हातारी झालेल्या गेशेने तो मोडला होता एकाच जिवासाठी. रविवारची स्तोत्रं गाऊन झाली की तिचा छोटा लेक वोब्बे तिचा झगा धरून उभा राहायचा, आणि ती हळूच झाकण पुन्हा उघडायची.

तो वोब्बे आज याच सभागृहात, रेल्वेच्या जाहीर सभेत मंचावर बसला होता, ब्रसेल्सच्या सल्लागार कंपनीचा साहेब होऊन. पॅरिसहून ब्रसेल्समार्गे येणारी वेगवान गाडी ॲमस्टरडॅमच्या पुढे इथवर आणणं परवडेल का, ते सांगायला आला होता. आईकडे बघून त्याने लांबूनच मान हलवली होती.

"कामात आहे गं तो," गेशे शेजारणीला, हिल्येला म्हणाली.

"नाताळातही कामातच होता की!"

"गाड्या बदलून बदलून जीव जातो म्हणतो. थेट गाडी झाली की दर महिन्याला येणारे. आणि बघ, तोच आणतोय!"

रोजच्या प्रार्थनेत तिने दुसरं काही मागितलंच नव्हतं. देवाच्या दारी आगगाडी मागणारी ती एकटीच असेल.

वोब्बेने पडद्यावर नकाशे दाखवले आणि शांतपणे सांगून टाकलं: परवडणार नाही. आणली तर रिकामी धावेल.

गेशेचा हात वर गेला. ती उभी राहिली.

"माझा मुलगा ब्रसेल्सला असतो. थेट गाडी असती तर दर महिन्याला आलो असतो, म्हणतो. असली माणसं धरलीत का हिशेबात?"

लोक वोब्बेकडे बघू लागले. तो मुलगा कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं. नव्हतं फक्त वोब्बेच्या सोबत आलेल्या साहेबाला. तो हसत म्हणाला, "अहो मावशी, सगळ्यांचीच मुलं असं म्हणतात!"

गेशेने वोब्बेकडे पाहिलं. त्याचा एक शब्द पुरला असता.

"लोक काय म्हणतात ते आम्ही धरत नाही, बाई," तो म्हणाला. "आज किती येतात, तेवढंच धरतो. ज्याला यायचंच नसतं तो थेट गाडीनेही येत नाही. गाडी हे निमित्त असतं."

"बरं," गेशे म्हणाली. "कॉफी निवली असेल. दुसरी करते."

सभा संपली. परतीची मोटार दाराशी आली, तसे दोघे साहेब उभ्या उभ्या कॉफी घ्यायला टेबलाशी आले. वोब्बेने एक बिस्कीट उचललं. गेशेने डबा तसाच उघडा धरला.

"घे की," ती हळूच म्हणाली.

त्याने सोबत्याकडे पाहिलं. तिच्या हातातलं झाकण घेऊन डब्यावर ठेवलं, आणि नीट बसावं म्हणून अंगठ्याने दाबलं.