लिंबू आणि भुताची वाळू

गावचा वैदू ओफिसाने पेनियामिनाच्या पायाच्या अंगठ्यावर खोबरेल चोळलं, वर फडकं धरलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटला आणि फडकं झटकलं. चटईवर पांढरी वाळू सांडली. बेटावरच्या त्या बिनभिंतींच्या घराच्या चारी उघड्या बाजूंनी वाकून बघणाऱ्या गर्दीच्या तोंडून एकदम 'आऽऽ' निघाला.

"बघा! तुमच्या आज्यापणज्यांची भुतं!" ओफिसा गरजला. "दवाखान्याच्या गोळ्यांना भितात होय ती? मला बघितलं की मुकाट रांगेने बाहेर येतात. आता या बाटलीतला पाल्याचा रस, दोन्ही वेळा एक घोट. आणि डुक्कर खा, मासळी खा. भूतच गेलं तर पथ्य कुणासाठी?"

गर्दी हसली. तेलेसिया खांबाला टेकून उभी होती. दवाखान्यातली नर्सची रात्रपाळी संपवून ती थेट इथे आली होती, आणि हसायचं म्हटलं तरी तेवढं त्राण नव्हतं.

पेनियामिना तिचा धाकटा भाऊ, गावाचा वक्ता. पुढच्या आठवड्यात नव्या सरदाराला किताब द्यायचा होता. मैदानात काठीवर रेलून, उभ्यानेच भाषण करायचं. वक्ता खाली बसला तर घराण्याचं हसं. गाउटने, म्हणजे सांध्यात खडूसारखे स्फटिक साचून, अंगठा सुजला की त्याला चादरीचा स्पर्शही सोसत नसे. म्हणून दोन महिन्यांपूर्वी रोजची गोळी सोडून त्याने ही बाटली धरली होती.

"चेहरा बघ की त्याचा!" शेजारी बसलेली वाओसा म्हणाली. "कसा गरगरीत भरलाय! तुझ्या गोळ्यांनी पार वाळला होता बिचारा."

गावात भरलेला चेहरा म्हणजे सुखाची खूण. तेलेसियाने मात्र त्या आठवड्यात असेच गोल, तांबूस चेहरे दवाखान्यात पाहिले होते. सगळ्यांची साखर चढलेली. आणि आत्ता भावाच्या पायाच्या बोटांच्या बेचक्यात तिला एक काळपट जखम दिसत होती.

"काका, तुमची भुतं जरा देता?" तिने चिमूटभर वाळू करवंटीत घेतली, पिशवीतलं लिंबू काढून वर पिळलं. वाळू फसफसली.

"तडफडतायत!" कुणीतरी ओरडलं.

तेलेसियाने चटईचा कोपरा उचलला, खालच्या जमिनीतली प्रवाळाची वाळू घेतली, लिंबू पिळलं. तीही तशीच फसफसली. मग पिशवीतून छोटी कुपी काढली. "हा गाउटचा खरा खडू. परवा एका आजोबांच्या बोटाची गाठ फुटली, तेव्हा निघाला." त्यावर लिंबू पिळलं. काहीच झालं नाही.

"काकांची भुतं समुद्रावरून आली, फडक्याच्या दुमडीत बसून."

गर्दीत खसखस पिकली. पेनियामिना मात्र गंभीर होता. "वाळू खोटी असेल, ताई. पण माझं दुखणं गेलं, ते तर खोटं नाही ना?"

"नाही. त्याचीच भीती वाटते मला. बाटली दे."

त्याने ओफिसाकडे बघितलं, मग तिच्याकडे. बहिणीने मागितलं तर भाऊ नाही म्हणत नाही, ही इथली रीत. त्याने बाटली दिली. तिने रस रुमालातून गाळला. रुमालावर पांढरा गाळ उरला, आणि त्यात न कुटलेला एक तुकडा, मधोमध सरळ खाच असलेला.

"काका, कुठल्या झाडाच्या पाल्याला अशी खाच असते?"

ओफिसा भडकला. "गुण आला ना? मग झालं तर!"

"ही स्टेरॉइडची गोळी दिसते. सूज एका दिवसात उतरते. पण चेहरा सुजतो, साखर चढते, जखम भरत नाही. आणि गाउटचा खडू सांध्यात होता तिथेच राहतो."

वाओसाने आपली बाटली उचलली. "फोडतेच मेलीला!"

"थांब! एकदम बंद करायची नाही. अंगात असंच द्रव्य आपोआप थोडं तयार होतं; रोज बाहेरून मिळालं की शरीर ते करायचं सोडून देतं. अचानक तोडलंत तर जिवावर बेतेल. बाटल्या घेऊन आजच दवाखान्यात या, डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतील."

"म्हणजे प्यायचं की नाही? एक काय ते सांग ना बाई!" वाओसा वैतागली.

"नर्सच म्हणते पीत राहा!" मागून कुणीतरी ओरडलं. सगळे खो-खो हसले. ओफिसाही.

तेलेसियाने करवंटी गर्दीपुढे सरकवली. मग म्हणाली, "माझ्यावरही विश्वास ठेवू नका. वाळू पायाखाली आहे, लिंबं झाडाला आहेत. घरी करून बघा. आणि कुणीही नवं औषध दिलं तर, मी दिलं तरी, विचारा: यात काय आहे? सांगता येत नसेल, तर ते तोंडात घालू नका."

पेनियामिनाने जखमेकडे निरखून बघितलं. "पाय वाचेल?"

"आज आलास तर बहुतेक."

"आणि भाषणाला उभा राहीन?"

खोटं बोलणं सोपं होतं. "सांगता येत नाही," ती म्हणाली.

तो काठी टेकत उठला. "मग बसून बोलेन. हसू देत."

त्याच्यामागे वाओसा उठली, बाटली कपड्याआड धरून. बाकीचे तिथेच राहिले. ओफिसा पुढच्या माणसाच्या गुडघ्यावर तेल चोळू लागला.